हरणाचा पक्ष

आमच्या घरात शिकारीवरून दोन पक्ष होते आणि दोन्ही एकाच ओसरीवर बसायचे. एक पक्ष मोठ्या आजोबांचा, म्हणजे माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचा. ते गावचे मालगुजार. त्यांच्याजवळ बारा बोअरची दुनळी होती, वर एक विलायती रायफल होती, आणि दोन्हींचे परवाने पत्र्याच्या पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेले असत. दुसरा पक्ष कोतवालबाबांचा. ते गोंड, सहा देव मानणाऱ्या कुळातले; गावाची कोतवालकी त्यांच्या घरात पिढीजात. त्यांचं हत्यार तीरकमठा. मोठे आजोबा खाटेवर बसत, कोतवालबाबा पायरीशी खांबाला टेकून. वय सारखंच असावं, पण एक ‘अरे’ म्हणायचा आणि दुसरा ‘मालक’. वाद मात्र बरोबरीचा व्हायचा.

गाव वैनगंगेच्या पलीकडे, झाडीत. तेव्हा ते चांदा जिल्ह्यात होतं. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेलं. मला कळायला लागलं तोवर दोघांचीही शिकार सुटलेली होती. मालगुजारी १९५१ साली गेली, १९७२चा वन्यजीव कायदा आला, मोठ्या आजोबांची रायफल एका निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा झाली ती त्यांनी परत मागितलीच नाही. कोतवालबाबांचा कमठा घराच्या आढ्याला अडकवलेला होता, दोरीवाचून. उरल्या होत्या त्या गोष्टी. उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री अंगणात बाजा टाकल्या, की त्या सुरू व्हायच्या आणि फिरून फिरून एकाच प्रश्नावर यायच्या: हरणाला मारायचंच, तर कशाने मारलेलं बरं?

हरीण म्हणजे आमच्याकडे मुख्यतः चितळ. सांबर वेगळं, भेकर वेगळं, रोही, म्हणजे नीलगाय, तर निराळीच.

मोठ्या आजोबांचा मुद्दा सरळ होता. गोळी बरोबर लागली तर जनावर जागच्या जागी बसतं, त्याला कळतसुद्धा नाही. “तुझा बाण लागलेलं हरीण पोटात लोखंड घेऊन पळत सुटतं. सांग, पाप कोणाला जास्त?”

कोतवालबाबा घाईने उत्तर देत नसत. तंबाखू मळून झाली की म्हणत, “मालक, तुमचा बार दोनसे पावलावून जाते. तिथून हरनाचा डोरा दिसते का? मले दिसे.”

हे ‘मले दिसे’ त्यांनी कसं कमावलं होतं, ते सांगायला हवं. कमठा बांबूचा, आणि त्याची दोरीही सुताची नव्हे, बांबूच्याच सालीची तासून काढलेली पट्टी. बाणाला मोराची नाहीतर गिधाडाची पिसं. पातं गावच्या लोहाराचं. पाखरांसाठी पुढे लाकडाचं बोथट बोंड असलेला बाण, कारण पाखरू फाटून चालत नाही; चितळासाठी रुंद, धारेचं पातं. एवढं करून या हत्याराचा भरवसा वीस-पंचवीस पावलांपुरता. त्याच्यापुढे बाण जातो, पण नेम राहत नाही. म्हणजे चितळाच्या वीस पावलांत जायला हवं. ज्याने रानात चितळाचा कळप पाहिला आहे त्याला यातली अडचण सांगायला नको. एक मादी सतत मान वर करून असते, झाडावर वानरं पहाऱ्याला असतात, आणि वारा जरा फिरला की सगळा कळप शेपट्या वर करून गेलाच.

म्हणून कोतवालबाबा चितळाच्या मागे जात नसत, चितळ येईल तिथे आधी जाऊन बसत. चैतात पहाटेच्या आत मोहाची फुलं गळतात. गावच्या बाया टोपल्या घेऊन पोचायच्या आधी तिथे चितळं पोचलेली असतात. हिवाळ्यात आवळ्याखाली. वानरं ज्या झाडावर चरतात त्याच्या खाली केव्हाही, कारण वानर अर्धं खातं आणि अर्धं टाकतं. अनवाणी जायचं, मुठीतली राख सोडून वारा बघायचा, दोन फांद्यांच्या बेचक्यात बसायचं आणि मग हलायचं नाही. डास चावला तरी नाही. अशा किती पहाटा रिकाम्या गेल्या, असं मी विचारलं तेव्हा ते नुसते हसले.

पण एवढं जवळ जाऊनही हरणाला एक संधी राहतेच, आणि ती आवाजाची. ताणलेली दोरी सुटते तेव्हा तिचा ‘टण्ण’ असा आवाज होतो. आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो. बांबूच्या कमठ्यावरून सुटलेला बाण फार तर चाळीस-पन्नास मीटर. वीस पावलांवरच्या चितळाला दोरी आधी ऐकू येते आणि बाण नंतर पोचतो. मधला वेळ अर्ध्या सेकंदाहून कमी, पण तेवढ्यात चितळ उडी घेण्यासाठी चारही पाय मोडून खाली दबतं आणि छातीवर धरलेला बाण पाठीवरून निघून जातो, नाहीतर नको तिथे बसतो. कोतवालबाबा हे पुस्तकातून शिकले नव्हते. ते एवढंच म्हणत, “छातीच्या खाल्ल्या अंगाले धराचं. थो मंग आपल्या आपनच खाली येते.” रायफलीची गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने जाते. बाणाच्या शिकारीत हरणाला आधी ऐकू येतं आणि मग लागतं. गोळीच्या शिकारीत हरणाला लागून गेलेलं असतं आणि बार ऐकू येतो तो बाकीच्यांना. आमच्या ओसरीवरचा सगळा वाद त्या अर्ध्या सेकंदातला आहे, असं मला पुढे वाटू लागलं. धनुष्याच्या बाजूचे लोक म्हणतात, हरणाला तेवढी संधी हवी. रायफलीच्या बाजूचे म्हणतात, तीच तर क्रूरता.

आणि ती क्रूरता खोटी नाही. गोळी हाड फोडते, आतलं सगळं हादरवते. बाण कापतो. बाणाने जनावर मरतं ते रक्त जाऊन. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर चितळ शे-दोनशे पावलांत कोसळतं, ते मरण काही गोळीच्या मरणाहून फार वाईट नाही. पण पोटात बसला तर तासन्‌तास जातात. “बान मारनं सोपं, मंग चालनं कठीन,” हे कोतवालबाबांचं वाक्य आम्हा पोरांना पाठ होतं. बाण लागल्यावर लगेच मागे जायचं नाही, बसून राहायचं. पाठलाग झाला नाही तर जखमी हरीण जवळच्याच झुडपात बसतं. पाठलाग केला तर जीव घेऊन कोसभर पळतं. मग माग काढायचा. पानावरचं रक्त लाल आणि फेसाचं असेल तर फुप्फुस, थोड्या वेळात सापडेल. काळपट असेल तर काळीज. रक्तात हिरवट चोथा दिसला की समजायचं, आजचा दिवस आणि कदाचित रात्रही गेली.

अशी एक रात्र त्यांच्या आयुष्यात होती. मोठं शिंगाळ चितळ, बाण पोटात, संध्याकाळची वेळ. रात्रभर ते रानात शेकोटी करून बसले. पहाटे माग घेत गेले तर नाल्यात कोळसुनांनी, म्हणजे रानकुत्र्यांनी, काम उरकलेलं होतं. पातं तेवढं हाती लागलं. दरवेळी ही गोष्ट आली की मोठे आजोबा विजयी मुद्रेने आमच्याकडे बघत, आणि कोतवालबाबा वाद न घालता म्हणत, “रातभर त्यानं काय भोगलं थे मले नाई ठाऊक. त्याले ठाऊक.”

मात्र मोठ्या आजोबांच्या पक्षालाही भोकं होती, आणि ती झाकायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांच्याकडे एक मोठा हुद्देदार पाहुणा आला होता. हाका घातला, नाल्यापलीकडून सांबर निघालं, ऊन डोळ्यांवर, अंतर जास्त. पाहुण्याने तरीही बार टाकला. सांबराचा पुढचा पाय खुब्याखाली मोडला आणि ते तीन पायांवर बांबूच्या रांजीत शिरलं. पाहुण्याला वडशाहून गाडी पकडायची होती. तो गेला. सांबराच्या मागावर कोतवालबाबांना धाडलं. ते तिसऱ्या दिवशी सापडलं, पाण्याजवळ, जखमेत अळ्या पडलेलं, आणि कोतवालबाबांनी ते बाणाने मारलं. रायफलीने दिलेली जखम कमठ्याने मिटवली. मोठे आजोबा ही गोष्ट स्वतः सांगत. “दोष रायफलीचा नाही, त्या गाढवाचा,” असं शेवटी जोडत. ते खरंच होतं. पण वीस पावलांवर त्या गाढवाला बार टाकताच आला नसता, हेही खरं.

तिसरं मत आजीचं. तिला शिकारीच्या वर्णनात रस नव्हता. तिच्याकडे जनावर यायचं ते सोललेलं. तिची साक्ष स्वयंपाकघरातली. रायफलीने मारलेल्या चितळाचा खांदा बहुधा वाया जाई. गोळीच्या वाटेभोवती ओंजळभर मांस काळं-निळं, रक्ताच्या गुठळ्यांनी भरलेलं, आणि त्यात हाडाच्या बारीक किरच्या. ते कापून कुत्र्यांना घालावं लागे. दुनळीत एल.जी.चं काडतूस घालून मारलेलं त्याहून वाईट. त्यात मोठे छर्रे असतात, ते अंगभर विखुरतात. भातात खडा लागावा तसा दाताखाली छर्रा येई. एकदा तिने चितळाच्या मांडीतून जुना छर्रा काढला होता. भोवती मांस भरून येऊन घट्ट गाठ झालेली. म्हणजे कोणीतरी केव्हातरी मारलेलं, जखमी होऊन निसटलेलं आणि पुढे जगलेलं जनावर. त्या अर्थी न जगलेली किती असतील, हे तिला त्या गाठीवरून कळलं होतं. बाणाच्या चितळाचं मांस स्वच्छ, रक्त पूर्ण वाहून गेलेलं. “मांस चांगलं म्हणजे मरण चांगलं असं नाही बापा,” असंही तीच म्हणायची. माझ्या मते त्या ओसरीवरचा सर्वांत प्रामाणिक पंच तीच होती.

माझे आजोबा जंगल खात्यात बाबू होते. ते या वादात क्वचित पडत, कारण त्यांना दोन्ही पक्षांच्या मागचा कागद माहीत होता. इंग्रजी अमदानीत सरकारी जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत. साहेब अर्ज करायचा, परवाना मिळायचा, त्यावर कोणतं जनावर किती आणि नरच का, हे लिहिलेलं असायचं. हा परवाना कमठ्याला कधी मिळालेला त्यांनी पाहिला नाही. १८७८च्या हत्यार कायद्याने ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येत तोफेच्या पंगतीला धनुष्यबाणही बसवला होता. त्याच साली आलेल्या जंगल कायद्याने राखीव जंगलात नियम मोडून शिकार करणं, फासे लावणं, पाण्यात विष कालवणं गुन्हा केला. १९१२च्या कायद्याने बंदीचा मोसम आणला. नियम वाईट नव्हते. पण ते झाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारा कमठेवाला चोर ठरला आणि कलकत्त्याहून पंधरा दिवसांसाठी आलेला बंदूकवाला शिकारी. आजोबा म्हणत, गार्डांचा कमठ्यावर राग होता त्याचं खरं कारण वेगळंच: बंदुकीचा आवाज नाक्यापर्यंत येतो, बाणाचा येत नाही.

बंदीच्या मोसमाची एक गंमत सांगतो. विलायतेत हरणांना एका ठरावीक ऋतूत शिंगं येतात, एका ऋतूत पिल्लं होतात. चितळाचं तसं नाही. एकाच कळपात एका नराची शिंगं पक्की असतात, दुसऱ्याची अजून मखमलीत असतात, आणि पिल्लं जवळजवळ बारा महिने दिसतात. साहेबाने विलायतेचं पंचांग झाडीपट्टीत लावलं होतं.

मग १९७२चा कायदा आला. त्याबद्दल आपला समज असा, की त्या दिवशी शिकार संपली. तसं झालं नाही. त्या कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते, आणि चितळ व सांबर ‘मोठी शिकार’ या यादीत होते. त्याच्या १७व्या कलमात शिकार कशी करायची नाही हे लिहिलं होतं, आणि ते कलम वाचताना मला आमची ओसरी ऐकू येते. गाडीतून शिकार करायची नाही. कृत्रिम उजेडात नाही, सूर्यास्त ते सूर्योदय नाही. पाणवठ्यावर आणि मिठाच्या चाटणावर दबा धरायचा नाही. जाळं, फासा, खड्डा, विषारी हत्यार नाही. आणि मोठ्या शिकारीचं जनावर रायफलीखेरीज कशानेही मारायचं नाही. परवान्यात खास मुभा असेल तर दुनळी चालेल, तीही छर्ऱ्याची नव्हे, एका सबंध गोळीची. म्हणजे स्वतंत्र भारताच्या संसदेने मोठ्या आजोबांच्या बाजूने निकाल दिला होता, आणि आजीची छर्ऱ्याची तक्रारही मान्य केली होती. कोतवालबाबा हरले. १९९१च्या दुरुस्तीने परवान्यांसकट हे कलमच गेलं आणि कमठ्यापाठोपाठ रायफलीची शिकारही बेकायदा झाली.

हा निकाल आपणच दिला असं नाही. इंग्लंडमध्ये १९६३च्या कायद्याने हरणावर बाण किंवा भाला टाकायला बंदी घातली, ती आजही आहे. कारण तेच: जखमी होऊन मरत राहतं. अमेरिकेत नेमकं उलट झालं. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली धनुष्यवाल्यांसाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा मोसम ठेवला, आणि पुढे बाकीची राज्यंही त्या वाटेने गेली. तिथला युक्तिवाद कोतवालबाबांचाच: जवळ जावं लागतं, थोडी मारली जातात, हरणाला संधी मिळते. वर एक व्यवहार असा, की वस्तीजवळ गोळी दूर जाते, बाण जात नाही.

पण अमेरिकेतल्या या धनुष्यप्रेमाचा उगम पाहिला की मन जरा खट्टू होतं. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीतला तो शेवटचा. बाकीची जमात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बंदुकांनी, उपासमारीने आणि रोगांनी संपली होती. त्याला ‘इशी’ म्हणू लागले. सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य करायला आणि हरणाची शिकार करायला शिकून घेतलं. इशी १९१६ साली क्षयाने गेला. पोपने १९२३ साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि त्यावर हौशी तिरंदाजांची पिढी पोसली. म्हणजे ज्यांना रायफलीने संपवलं त्यांचं हत्यार रायफलवाल्यांचा छंद झालं. योगायोगाने त्याच १९२३ साली, आपल्या मध्य प्रांतात जंगल खात्यात आयुष्य काढलेल्या डन्बर ब्रँडर या साहेबाचं मध्य भारतातल्या वन्यप्राण्यांवरचं पुस्तक निघालं. जनावरं कमी होत चालल्याची खंत त्याच्याही पुस्तकात आहे.

आपल्या जुन्या वाङ्मयात हत्याराचा वाद फारसा नाही, कारण पर्यायच नव्हता; पण हरणाचा पक्ष कोणीतरी मांडलेला आहे. आदिपर्वात पांडू समागमात असलेल्या हरणावर बाण टाकतो आणि ते हरीण, म्हणजे मृगरूपातला किंदम ऋषी, बोलू लागतं. पांडू म्हणतो, राजे मृगांना उघड मारतात, कपटानेही मारतात, अगस्त्यानेही मारले. हरणाचं उत्तर मोठं समजूतदार आहे. तू हरणं मारतोस म्हणून मी तुला दोष देत नाही. थांबायला हवं होतंस, एवढंच. आमच्याकडे ही गोष्ट आली की कोतवालबाबा मान डोलवायचे. गाभण मादीवर बाण धरायचा नाही, हा त्यांचाही नियम होता. पण मोहाखालच्या अंधुक उजेडात मादी गाभण आहे हे वीस पावलांवरून तरी ओळखू येतं. दोनशे पावलांवरून?

त्याहून पुढे गेला तो अशोक. आपल्या पाकशाळेत आता रोज दोन मोर आणि एकच हरीण मारलं जातं, आणि हरीणसुद्धा नेहमी नाही, असं त्याने पहिल्या शिलालेखात खोदवून ठेवलं. आठव्या लेखात आणखी ठळक: पूर्वीचे राजे मौजेच्या सफरींवर निघत, त्यांत मृगया असे, आपण त्या सोडून धर्मयात्रा सुरू केल्या. या आठव्याच लेखाचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या नालासोपाऱ्याला सापडला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. लोकलने जाऊन बघता येईल इतक्या जवळ. त्या लेखात कशाने मारावं याचा विचारच नाही. मौजेसाठी निघायचं नाही, एवढंच.

हे सगळं वाचून झाल्यावर ओसरीकडे परत बघतो तेव्हा वाटतं, दोघे म्हातारे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. मोठे आजोबा समोरच्या एका हरणाबद्दल बोलत होते. त्या एका हरणाच्या बाजूने पाहिलं तर चांगल्या हातातली रायफल कमठ्यापेक्षा निःसंशय दयाळू आहे, आणि हे कबूल न करता धनुष्याचे गोडवे गाणं म्हणजे दुसऱ्याच्या वेदनेवर कविता करणं आहे. कोतवालबाबा बोलत होते ते कळपाबद्दल, रानाबद्दल. कमठ्याने रान रिकामं झालं नाही, कारण कमठ्याला ते झेपत नव्हतं. त्याचा पल्ला तोकडा, पहाटा रिकाम्या, आणि एक हरीण मिळालं तर दिवस त्याच्या मागे गेलेला.

धनुष्यवाले संत होते असं मात्र कोणी समजू नये. वर्षातून ठरावीक वेळी सगळा गाव मिळून जी पारध निघायची, तिच्यात कुत्री असायची, जाळी असायची, रानाला आग लावणंही असायचं, आणि समोर येईल ते मारलं जायचं, पिल्लासकट. आमच्याच जिल्ह्यात हेमलकशाला दवाखाना चालवणाऱ्या डॉ. प्रकाश आमटे यांनी वाटेत माडिया शिकारी पाहिले. मेलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. त्या पिल्लापासून तिथलं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. भूक असलेल्या माणसाला त्यांनी नीतीचे धडे दिले नाहीत. पिल्लं जिवंत आणून द्या, बदल्यात धान्य न्या, असं सांगितलं. मला ते १७व्या कलमापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

रान खरं रिकामं झालं ते स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत, आणि याचे साक्षीदार स्वतः मोठे आजोबा होते. लढाईतल्या जीपगाड्या विक्रीला निघाल्या होत्या. पीकसंरक्षणाच्या नावाखाली बंदुकांचे परवाने सढळ झाले. मालगुजारी जाणार म्हणून आधी लाकूड गेलं, मग जनावर. रात्री जीप काढायची, बॅटरीवर मोठा दिवा जोडायचा, कळपाचे डोळे चमकले की चितळं जागच्या जागी खिळून उभी राहतात, आणि गाडीत बसल्या बसल्या बार टाकायचे. ते एकदा अशा गाडीत होते. परतताना मागच्या बाजूला माद्या होत्या, पाडसं होती, काही अजून तडफडत होती, आणि गाडीतल्या कोणालाही एवढ्या मांसाचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. “अंतर शंभर पावलांच्या आत, रायफली उत्तम, बहुतेक बार बरोबर बसलेले,” ते सांगत. म्हणजे त्यांच्याच कसोटीवर तो सगळा प्रकार निर्दोष होता. त्यानंतर ते शिकारीला गेले नाहीत. कोतवालबाबांपुढे त्यांनी हार कबूल केली असं नाही. त्या गोष्टीनंतर ते फक्त वाद पुढे रेटत नसत आणि कोतवालबाबाही त्यांना टोचत नसत.

माझा कौल विचाराल तर रानाच्या बाजूने, म्हणजे कमठ्याच्या बाजूने. पण त्या चितळाने भोगलेली रात्र त्या कौलाच्या खर्चात मांडली पाहिजे, आणि ती मांडायची तयारी नसेल त्याने धनुष्याची बाजू घेऊ नये.

आता या वादातलं कोणीच रानात नाही. चितळ मारणं सर्वत्र गुन्हा आहे; शेतीचं नुकसान करणाऱ्या रोही-रानडुकरांपुरती परवानगीची वाट आहे, ती लांबची आहे आणि शेतकऱ्याचा हरभरा तेवढा थांबत नाही. मग विजेच्या खांबावर आकडा टाकून बांधालगत गुडघाभर उंचीवर उघडी तार ओढली जाते. कोणी पीक वाचवायला ओढतं, कोणी मांसासाठी. ती तार गाभण मादी ओळखत नाही, नर-पाडस ओळखत नाही. तिच्यावर चितळ मरतं, वाघ मरतो, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी मरतो. आणि मारणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो. वीस पावलांवर कोणी नाही, दोनशे पावलांवरही नाही. विदर्भात दरवर्षी अशा बातम्या येतात. तुमच्या शिवारात अशी तार दिसली तर हात लावू नका. वीज कंपनीला कळवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.